नावेसाठी ठोकलेला खिळा

ह्यांच्या शोकसभेत मंडळाचे अध्यक्ष उभं राहून म्हणाले, "रविकांत पांचाळ म्हणजे समाधानी माणूस. आयुष्यात कधी कुणाकडं काही मागितलं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पुढच्या खुर्चीत बसले होते, हातात टिश्यूचा बोळा. मनात म्हटलं, बाबा रे, तुला काय ठाऊक? मागितलं नाही हे खरं. पण समाधानी? एकोणचाळीस वर्षं संसार केला मी ह्या माणसाबरोबर. ह्यांना एक गोष्ट हवी होती. एकच. जीव टाकत होते तिच्यावर. ती दारापर्यंत आली आणि परत गेली. कशी गेली ते हॅलिफॅक्समधल्या एकाही मराठी माणसाला माहीत नाही. हे जाऊनही आता दोन वर्षं झाली, तर सांगूनच टाकते.

हे मूळचे कोल्हापूरचे. घरचा धंदा सुतारकामाचा. दारांच्या चौकटी, पाळणे, देव्हारे. ह्यांना त्यातलं काही नको होतं, चित्रकार व्हायचं होतं. वडिलांशी भांडून चित्रशाळेत नाव घातलं. तिथं शिंदे मास्तरांकडं एक जाडजूड परदेशी पुस्तक होतं, त्यात फ्रेंच चित्रं, सगळी काळी-पांढरी छापलेली. त्यातलं एक ह्यांच्या वाट्याला आलं. नदी, काठाला झाडं, आणि बांधून ठेवलेली एक नाव. शेवटच्या परीक्षेला ते तैलरंगात उतरवायचं होतं, रंग आपल्या मनानं भरायचे. ह्यांनी पाणी निळंशार केलं, आभाळाला केशरी संध्याकाळ दिली. पहिला नंबर आला.

नंबरानं पोट भरत असतं तर काय हवं होतं! दहा-बारा वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, एका शाळेत ड्रॉइंग शिकवलं, तेही तात्पुरतं. मग कुणीतरी कॅनडाचा फॉर्म आणून दिला. तिथं म्हणे प्रत्येक धंद्याला गुण असायचे. चित्रकाराला जवळपास काही नाही, सुताराला मात्र भरपूर. ह्यांनी मुकाट्यानं 'कारपेंटर' लिहिलं. ज्या रंध्यापासून पळाले होते त्याच रंध्यानं ह्यांना विमानात बसवलं. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. मागून मी आले, लग्नाला दोन वर्षं झालेली, अंगावर एक स्वेटर, तोही बिनबाह्यांचा.

दोन विंटर ह्यांनी किचनची कपाटं केली. मग डाउनटाउनमध्ये एका चित्रांच्या फ्रेमा करणाऱ्याकडं लागले आणि तिथंच पासष्टी गाठली. लोक चित्रं आणायचे, हे चौकटी करायचे. कुणाच्या बोटीचा फोटो, कुणाच्या पोराचं डिप्लोमा सर्टिफिकेट, कुणाच्या आजीनं विणलेलं काहीतरी. संध्याकाळी घरी आले की बेसमेंटमध्ये जाऊन स्वतःची चित्रं काढायचे. मी हॉस्पिटलच्या किचनमध्ये पेशंटचे ट्रे लावायचे, दमून यायचे, आणि खाली टर्पेंटाइनचा वास. किती वेळा म्हटलं असेल, "अहो, त्यापेक्षा ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करा." तेही करायचे बिचारे. आधी शोव्हल, मग चित्र.

एक्याऐंशी साली डार्टमथच्या मिसेस फ्रेझर दुकानात आल्या. चादरीत गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं. नवऱ्यानं लढाईनंतर फ्रान्समध्ये घेतलेलं चित्र, फ्रेमचा कोपरा सुटलाय, नीट करून द्या, म्हणाल्या. ह्यांनी चादर बाजूला केली आणि तसेच उभे राहिले.

नदी, काठाला झाडं, बांधलेली नाव. मास्तरांच्या पुस्तकातलं नेमकं तेच नव्हे, पण त्याच माणसाचं, तीच नाव, दुसऱ्या कुठल्या दिवशीची. त्या फ्रेंच माणसाचं नाव मला आजही नीट म्हणता येत नाही, शिंक अडकल्यासारखं होतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा. नावेतच बिऱ्हाड करून नदीनदीनं चित्रं काढत फिरायचा म्हणे. सही पुसट होती. त्याचंच की त्याच्या एखाद्या चेल्याचं, यावर जाणकारांचं एकमत नव्हतं, म्हणून फार मोठ्या किमतीचं नव्हतं. जेमतेम दीड हात रुंद.

त्या दिवशी घरी आले ते जेवलेच नाहीत. म्हणाले, "सुहास, मी पाणी निळं केलं होतं."

मला काही कळेना. "मग? पाणी निळंच असतं की."

"नाही गं. त्यानं निळ्याला हातसुद्धा लावला नाहीये. आभाळ ताकासारखं. पाणी पण ताकासारखंच. तरी पाणी ते पाणी दिसतंय, आभाळ ते आभाळ. आणि मला पहिला नंबर दिला त्यांनी!"

लाज वाटत होती ह्यांना. वीस वर्षांपूर्वीच्या परीक्षेची लाज! मी म्हटलं, काय येडा माणूस आहे, आणि पानं उचलली.

तेव्हापासून ह्यांचं व्रतच सुरू झालं. वर्षातून दोनदा, इथं समर-विंटरसाठी घड्याळं तासभर पुढं-मागं करतात, ती केली की त्याच्या पुढच्या शनिवारी, हे फेरीबोटीत बसून बंदरापलीकडं डार्टमथला जायचे आणि चित्र बघून यायचे. कारण काय, तर विंटरमध्ये हीटरनं हवा कोरडी होते, समरमध्ये समुद्राची ओल, कॅनव्हास सैल पडतो, तो ताणायला मागच्या पाचरी ठोकाव्या लागतात. काम दहा मिनिटांचं, बसायचे दोन तास. मिसेस फ्रेझर चहा द्यायच्या, ओटची बिस्किटं द्यायच्या, आणि ह्यांना एकट्याला सोडून बागेत जायच्या. शहाणी बाई होती. पैसे हे घ्यायचे नाहीत. येताना डोळ्यांत रंग भरून आणायचे आणि बेसमेंटमध्ये आठवणीनं उतरवायचे. तेच चित्र. वीस-बावीस वर्षं तेच चित्र! पुसायचे, परत काढायचे.

झाडं जमली, आभाळ जमलं. नाव जमेना. म्हणजे नाव जमली, तिच्याखालचं पाणी जमेना. नाव जिथं पाण्याला टेकते तिथं त्या फ्रेंच माणसानं एक सावली केली होती, काळी नाही, हिरवी नाही, कसली ते देवालाच ठाऊक. ह्यांची नाव ताटात ठेवल्यासारखी दिसायची. मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, पण ते मलासुद्धा दिसायचं.

मग दोन हजार तीनचं ते वादळ आलं. हॅलिफॅक्समध्ये जो राहतो त्याला 'हुआन' एवढं त्याचं नाव घेतलं की पुरतं. आमच्याकडं आठ दिवस वीज नव्हती, फ्रीजरमधलं सगळं फेकलं. तिकडं मिसेस फ्रेझरच्या बागेतला जुना मेपल त्यांच्या छपरावर पडला. सकाळी फोन लागेना म्हणून हे रस्त्यातल्या फांद्या ओलांडत गेले. बाई सुखरूप होत्या, छप्पर फाटलेलं, चित्राची प्लास्टरची जुनी फ्रेम फुटून तुकडे झालेली. चित्राला मात्र खरचटलंसुद्धा नव्हतं. ह्यांनी ते स्वतःच्या रेनकोटात गुंडाळून घरी आणलं. छप्पर दुरुस्त होईस्तोवर राहू दे, म्हणाल्या बाई.

सहा आठवडे ते चित्र आमच्याकडं होतं. ह्यांनी ते जेवायच्या टेबलासमोर टांगलं. मी आधी कुरकुरले. रिकामी नाव, त्यात माणूस नाही काणूस नाही, काठाला लांब एक धुणं धुणारी बाई आहे ती पाठमोरी. घरात असलं काय टांगायचं? पण खरं सांगू? तिसऱ्या-चौथ्या दिवशी मीच पोळ्या लाटता लाटता मान वळवून बघायला लागले. सकाळी ते चित्र वेगळं दिसायचं, दुपारी वेगळं. ह्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नाही, अगदी नीरजा झाली तेव्हासुद्धा नाही. जेवताना बोलायचे! एरवी घुम्यासारखे जेवणारे, ते मला सांगायचे, "बघ, आत्ता चार वाजताचं ऊन पडलंय, आता नावेखाली बघ." पण दुकान, येणं-जाणं, त्यात नोव्हेंबरचा दिवस साडेचारला मावळतो. छप्पर झालं, चित्र साध्या पट्टीत बसवून परत गेलं, आणि ह्यांच्या चित्रातली नाव तशीच ताटात.

त्या पडलेल्या मेपलचा एक ओंडका ह्यांनी मागून घेतला होता. बघा, मागितलं नाही म्हणतात! ओंडका मागितला. लाकडाचा ओंडका मागायची ह्यांना लाज वाटली नाही, कारण सुताराच्या पोराला लाकूड मागण्यात कसली लाज. फळ्या कापून आणल्या, बेसमेंटमध्ये मध्ये काड्या घालून रचल्या आणि वर्षभर वाळू दिल्या. ओलं लाकूड नंतर पिळतं म्हणे. मग दोन हजार चारच्या डिसेंबरपासून पाचच्या एप्रिलपर्यंत, रोज संध्याकाळी, त्याची फ्रेम केली. हातानं कोरलेली. कोपऱ्याला वेल नाही, फूल नाही, फक्त पाण्याच्या लाटेसारखी एक बारीक रेघ चारी बाजूंनी फिरवलेली. सासरे असते तर त्यांनी पाठीवर थाप मारली असती. तीस वर्षं फक्त पोटासाठी केलेलं सुतारकाम ह्यांनी त्या चित्रासाठी आपणहून केलं.

मे महिन्यात फ्रेम द्यायला आम्ही दोघं गेलो. मी एरवी जायची नाही, पण ह्यांनी एवढं मोठं काम केलं होतं, म्हटलं चला. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून शंकरपाळ्यांचा डबा घेतला. फ्रेम गोधडीत गुंडाळून फेरीच्या बाकावर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली होती.

मिसेस फ्रेझर थकल्या होत्या. जून महिन्यात सीनियर्स होममध्ये जाणार, घर विकलंय, म्हणाल्या. एकच खोली मिळणार. ह्यांनी चित्र फ्रेममध्ये बसवलं, भिंतीवर लावलं. बाईंनी फ्रेमवरनं बोट फिरवलं आणि विचारलं, "हे माझ्या झाडाचं?" डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग चहा झाला. आणि कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "रवी, मी खूप विचार केलाय. हे चित्र तुझ्याकडं असावं असं मला वाटतं. तुला आवडेल?"

आता ऐका. इथंच घोडं पेंड खातं.

ह्यांचा चेहरा लालबुंद झाला, पोरासारखा. तोंड उघडलं. "आय वुड—" एवढं बाहेर पडलं. एवढं मी माझ्या कानानं ऐकलं. आणि मी टेबलाखालून ह्यांच्या गुडघ्याला गुडघा मारला आणि मोठ्यानं म्हटलं, "ओ नो नो, मिसेस फ्रेझर! हाऊ कॅन वी? इट इज युअर फॅमिलीज!"

होय. मीच.

मला काय चित्र नको होतं? मला ते हवं होतं! ह्यांच्यासाठी हवं होतं, माझ्या पोळ्यांसाठीसुद्धा हवं होतं. पण आमच्या आईनं आम्हा बहिणींना काय शिकवलं? कुणी काही दिलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला तर घ्यायचं, तेही थोडं. नाहीतर माणूस हावरट दिसतो. शेजारणीनं लाडू पुढं केला की आईचा डोळा आमच्यावर. हात पुढं गेला की घरी येऊन फटका. आणि देणाऱ्याचंही काम असायचं की आग्रह करायचा. एकदा विचारून ताट काढून घेणाऱ्या घराला आमच्याकडं काय म्हणायचे ते मी इथं सांगत नाही.

बरं, मला इथली रीत माहीत नव्हती म्हणावं, तर तेही नाही. आले त्याच वर्षी ह्यांच्या मालकाच्या घरी थँक्सगिव्हिंगला गेलो होतो. मालकीणबाईंनी विचारलं, आणखी बटाटे? मी म्हटलं, नो, थँक यू. झालं! बटाटे पुढच्या माणसाकडं गेले ते गेलेच. घरी येऊन पिठलं-भात केला आणि दोघं पोट धरून हसलो. हॉस्पिटलमध्ये सव्वीस वर्षं काढली, तिथं कुणाच्या बर्थडेचा केक आला की पहिल्या विचारण्यालाच हो म्हणायला शिकले होते मी. केकला शिकले. पण मोठ्या गोष्टीला आतलं तेच बाहेर येतं. माहीत असणं वेगळं आणि ऐन वेळी तोंडातून पडणं वेगळं.

मिसेस फ्रेझरनी माझ्याकडं पाहिलं, मग ह्यांच्याकडं. "रवी?"

म्हणजे बाईंनी दुसऱ्यांदासुद्धा विचारलं. मी नुसत्या त्यांना बोल लावणार नाही. हे माझ्याकडं बघायला लागले. मी डोळ्यांनी ह्यांना सांगितलं, एकदा तरी नाही म्हणा. आणि हे म्हणाले, "नो, नो. इट इज टू मच."

"ओह. ऑफ कोर्स," बाई म्हणाल्या. "आय अंडरस्टँड." आणि पक्ष्यांना दाणे घालायचा डबा कसा खारी पळवतात ते सांगायला लागल्या. शंकरपाळ्यांचा डबा मात्र पहिल्या शब्दाला ठेवून घेतला.

फेरीत हे खिडकीला डोकं टेकून बसले होते. मी म्हटलं, "काळजी करू नका. ती परत विचारेल. तिसऱ्यांदा विचारलं की सरळ हो म्हणा."

"ही माणसं तिसऱ्यांदा विचारत नाहीत, सुहास."

"अहो, चोवीस वर्षांची ओळख आहे! अशी कशी नाही विचारणार? आणि पहिल्या शब्दाला हात पुढं केला असता तर काय म्हणाली असती? ह्याच्यासाठीच येत होता म्हणून!"

 तरी माझं त्यांनी ऐकलं, माझ्यावर विश्वास ठेवला. घरी येऊन जेवायच्या टेबलासमोरची भिंत बोटानं ठोकठोकून आतला लाकडी खांब शोधला, तिथलं कालनिर्णय काढून किचनमध्ये नेलं आणि मोठा खिळा ठोकला. फ्रेमचं वजन ह्यांनाच माहीत होतं, त्या मापाचा खिळा. मग फोनची वाट बघायला लागलो. फोन वाजला की हे हातातला ब्रश खाली ठेवायचे. एअर डक्ट साफ करून घ्या म्हणणारे, लाँग डिस्टन्सचे प्लॅन विकणारे, मार्कहॅमहून नीरजा. जून गेला, जुलै गेला. मी म्हटलं, "आपण फोन करूया का?" म्हणाले, "काय म्हणून करायचा?" मलाही सुचेना. नको म्हणून आलेल्या माणसानं परत जाऊन द्या हो म्हणायचं? ते तर आईच्या शाळेत शिकवलंच नव्हतं. भीड ही भिकेची बहीण म्हणायची आमची आई, उठता बसता म्हणायची, आणि पोरींच्या अंगात भीडच भरायची.

ऑक्टोबरमध्ये घड्याळं मागं गेली, हे सीनियर्स होममध्ये जाऊन आले. चित्र बाईंच्या पलंगाच्या डोक्याशी होतं. ह्यांनी पाचरी ठोकल्या. बाई हवेबद्दल बोलल्या. "काही म्हणाल्या?" "नाही." एप्रिलमध्ये गेले तर बाई ह्यांना नवऱ्याच्या नावानं हाक मारत होत्या. त्यानंतर विचारणार कोण आणि कुणाला? सातच्या जानेवारीत त्या वारल्या. पेपरमधली चार ओळींची बातमी ह्यांनी कात्रीनं कापली. तरी खिळा काढला नाही. मी एकदा कालनिर्णय परत तिथं लावायला गेले तर म्हणाले, "राहू दे."

फेब्रुवारीत फोन आला. बाईंचा पुतण्या गॉर्डन, कॅलगरीहून आलेला. फ्रेमच्या मागं ह्यांनी पेन्सिलनं आपलं नाव आणि नंबर लिहिला होता, तो बघून केला म्हणाला. तुमची एक वस्तू आहे, येऊन घेऊन जाल का?

हे दहा मिनिटांत तयार! दाढी केली, कोट घातला, गोधडी घेतली. चौसष्ट वर्षांचा माणूस बर्फातून असा चालत होता की मला गाठता येईना. फेरीत म्हणाले, "सुहास, या वेळी तू काही बोलू नकोस हं." चिडून नाही, हात जोडल्यासारखं. मी म्हटलं, "तोंड शिवून बसते." आणि पदर नसताना तोंडावर हात धरला. हसले हे. दोन वर्षांनी हसले.

खोलीत खोकी रचलेली होती. पलंगावर गादी नव्हती. आणि भिंतीला टेकून फ्रेम ठेवली होती. नुसती फ्रेम. मधून भिंत दिसत होती.

गॉर्डन चांगला माणूस होता, मोकळा. चित्र मॉन्ट्रियलच्या एका डीलरनं घेतलं, म्हणाला. त्याला नवी फ्रेम नको होती, तो त्या काळातली जुनी लावणार. "इतकं सुंदर काम टाकवेना, म्हणून तुम्हाला फोन केला." ह्यांनी मान हलवली. फ्रेम उचलायला वाकले, दुसरं टोक मी धरलं. तेवढ्यात गॉर्डन सहज म्हणाला, "खरं तर चित्र तुम्हालाच द्यायचं होतं आंटीला. तिनं मला सांगितलं होतं. ती म्हणायची, रवीला फार हवं होतं, पण त्याच्या बायकोला ते घरात नको होतं."

 बाईंनी सगळं बघितलं होतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. जे दिसलं तेच त्यांनी सांगितलं. सांगायला हवं होतं मी तेव्हा, की नाही हो, तसं नव्हतं, आमच्यात नको म्हणजे विचारा अजून एकदा. पण मी शब्द दिला होता ना, तोंड शिवून बसते म्हणून! चांगलं निमित्त मिळालं मला. गप्प राहिले.

आणि हे सरळ उभे राहिले, आणि गॉर्डनला म्हणाले, "नो, नो. शी लव्ह्ड इट. इट वॉज मी. आय नेव्हर केअर्ड फॉर इट मच."

म्हणजे काय, तर चित्र बायकोला फार आवडायचं. मलाच त्याचं विशेष काही नव्हतं. ज्या चित्रासाठी ह्या माणसानं पंचवीस वर्षं घातली, त्याच्याबद्दल, ह्या तोंडानं. माझ्यासाठी. एका अनोळखी माणसासमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून.

"ओह," गॉर्डन म्हणाला. त्याला हायसं वाटल्यासारखं दिसलं. "देन इट ऑल वर्क्ड आउट."

परत येताना मी फेरीत ह्यांच्यावर तडतड तडतड बोलले. "कशाला सांगितलंत तसं? काय गरज होती? खरं सांगायचं होतं माझं!" राग कुणाचा आणि काढत होते कुणावर. हे पाण्याकडं बघत म्हणाले, "जाऊ दे गं. ती बाई गेली, चित्र गेलं. तुला कशाला त्यात?" त्यांनी एकदा, एकदा तरी मला म्हणायला हवं होतं की तुझ्यामुळं गेलं. मी भांडले असते, रडले असते, पाय धरले असते. चार वर्षांत एकदासुद्धा म्हणाले नाहीत. लोक ह्याला चांगुलपणा म्हणतात. मी म्हणते, तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

त्या दिवसापासून हे बेसमेंटमध्ये गेले नाहीत. म्हणजे जायचे, फर्नेसचा फिल्टर बदलायला. ईझलवरचं चित्र तसंच राहिलं, नावेखाली कोरा कॅनव्हास, खरवडून पुसलेला. आठ साली रिटायर झाले. टीव्हीवर हॉकी बघायचे, ज्यातलं ह्यांना काही कळत नव्हतं.

मेपलची फ्रेम हॉलवेमध्ये, विंटर टायर्सच्या शेजारी, भिंतीला टेकून होती. माझ्यानं बघवेना. नऊच्या दिवाळीत मी म्हटलं, "अहो, तुमचं चित्र त्यात बसवूया. माप तेच आहे. खिळाही आहेच."

"नको," म्हणाले.

मी आमच्या आईची लेक. म्हटलं, हे पहिलं नको. पुढच्या वर्षी त्यांचा वाढदिवस होता, पुरणपोळी केली होती, जेवण चांगलं झालं होतं. हळूच विचारलं, "लावूया का हो ते चित्र? नाव थोडी राहिलीय तर राहू दे. मला तशीच आवडते."

"नको गं."

दुसरं नको. मी थांबले. घाई केली नाही. अकराच्या फेब्रुवारीत ह्यांना हॉस्पिटलमधून घरी आणलं, डॉक्टरांनी काय ते स्पष्ट सांगितलं होतं. पलंग जेवायच्या खोलीतच लावला होता, त्या भिंतीसमोर. दुपारी चारचं ऊन आलं. खिळ्याची लांबडी सावली भिंतीवर पडली होती आणि हे तिकडं बघत होते. मी खाली गेले, चित्र फ्रेममध्ये बसवलं, माझ्या हातानं, वेडंवाकडं, आणि दोन्ही हातांनी धरून वर आणलं. जिना चढताना धाप लागली. त्यांच्यासमोर धरून उभी राहिले आणि तिसऱ्यांदा विचारलं. विचारलं कसलं, आग्रह केला, हात जोडता येत नव्हते म्हणून नुसती रडले. म्हटलं, "लावते ना? आता तरी हो म्हणा. माझ्यासाठी."

ह्यांनी चित्राकडं पाहिलं, बराच वेळ. मग माझ्याकडं. चेहऱ्यावर राग नव्हता, काही नव्हतं.

"नको, सुहास," म्हणाले. "नो, थँक यू."